खेड्यातला क्रिकेटचाहता: रेडिओपासून जामठ्यापर्यंत

प्रश्न एका महाविद्यालयीन तरुणाचा आहे. तो अमरावतीत शिकतो, आजोबा दारव्हा तालुक्यात गावी असतात. आजोबांचं म्हणणं, "आता मॅच पाहाले मजा नाई राह्यली बावा." नातवाला हे पटत नाही. आता तर प्रत्येक चेंडू दिसतो, पुन्हा पुन्हा दिसतो, मग मजा गेली कशी? खेड्यातल्या चाहत्यासाठी एवढ्या वर्षांत नेमकं काय बदललं, असं त्यानं विचारलं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेत खेळ शिकवले आणि तालुक्या-जिल्ह्याच्या सामन्यांत कधी पंच म्हणून उभा राहिलो, कधी गुणपुस्तक घेऊन बसलो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या आजोबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खेळाची गोडी कमी झालेली नाही. चार जणांनी एका जागी बसून सामना पुरा करायची सवय कमी झाली, आणि आजोबांना तीच हरवल्यासारखी वाटते. पण त्यांच्या तरुणपणी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं असं एक आज आपल्याकडे आहे, ते म्हणजे विदर्भाचा स्वतःचा जिंकणारा संघ. खेड्यातला चाहता त्याच्याकडे अजून पुरेसा वळलेला नाही, आणि मला खरी खंत त्याची वाटते.

आधी रेडिओ. त्या काळाबद्दल लोक हळवे होऊन बोलतात, पण त्यात नेमकं काय होतं ते कुणी सांगत नाही. आकाशवाणीवर इंग्रजी आणि हिंदी समालोचन आलटून-पालटून चालायचं. जसदेव सिंग, सुशील दोशी, रवी चतुर्वेदी हे आवाज घरच्या माणसांसारखे ओळखीचे होते. मराठी समालोचनात बाळ ज. पंडित यांचं नाव मोठं. इंग्रजी सुरू झालं की पारावरची निम्मी मंडळी मॅट्रिक झालेल्या एखाद्याच्या तोंडाकडे पाहायची आणि तो एकेक वाक्य वऱ्हाडीत करून सांगायचा. समालोचकाला काही दाखवता येत नव्हतं, म्हणून त्याला सगळं बोलावं लागे: गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतोय, क्षेत्ररक्षक कुठे उभे, म्हणजे स्लिपमध्ये किती जण, फाइन लेग किती मागे. ऐकणारा ते मनात मांडत जायचा. ज्यानं आयुष्यात कधी खरं मैदान पाहिलं नाही असा माणूस पारापुढच्या मातीत काडीनं रेघा ओढून गली कुठे आणि कव्हर कुठे ते बिनचूक दाखवायचा. शाळेत मी मुलांना क्षेत्ररक्षण शिकवायचो तेव्हा रेडिओ ऐकणाऱ्या घरातलं पोरगं लगेच कळायचं. त्याला जागा सांगावी लागत नसे.

दुसरी गोष्ट हंगामाची. भारतातल्या कसोट्या बहुतेक हिवाळ्यात होत आणि आपल्याकडे कापसाची वेचणीही तेव्हाच. ट्रान्झिस्टर बोरीच्या नाहीतर बाभळीच्या फांदीला अडकवून वावरात काम चालायचं. वेचणाऱ्या बायांनाही गावसकर खेळतोय की गेला हे माहीत असे, कारण तो गेला की मालकाचा चेहराच सांगायचा. सामना पाच दिवसांचा, मध्ये एक विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी खेळ नसे, चर्चा मात्र दुप्पट. सेल संपत आले की उन्हात ठेवायचे, थोडा वेळ आणखी चालायचे. अशा टंचाईत ऐकलेला सामना माणूस सहजासहजी विसरत नाही. वहीत गुण लिहून ठेवणारी पोरं प्रत्येक गावात असायची. पुढे त्यांच्यातूनच आम्हाला चांगले गुणलेखक मिळाले.

वर्तमानपत्र एसटीनं यायचं, दुपारी. डाक आवृत्ती लवकर छापली जाई, म्हणून दिवस-रात्र सामन्याचा निकाल गावात एक दिवस उशिरा पोचायचा. एखाद्याकडे संदीप पाटील संपादक असलेलं 'एकच षटकार' तालुक्याहून यायचं आणि पानं सुटेपर्यंत फिरायचं.

१९८३ च्या विश्वचषकाबद्दल एक सांगायलाच हवं. शहरातल्यांनी लॉर्ड्सचा अंतिम सामना दूरदर्शनवर पाहिला. २५ जून म्हणजे आपल्याकडे पेरणीची घाई. बहुतेक खेड्यांत तो रेडिओवरच ऐकला गेला. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०. पण त्याच्या आठवडाभर आधी, १८ जूनला, टनब्रिज वेल्स इथे झिम्बाब्वेविरुद्ध कपिल देवनं नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. मुंबईचा चाहता आणि दिग्रसचा चाहता त्या दिवशी एकाच पातळीवर होते. दोघांकडे फक्त आकडे आणि स्वतःची कल्पना. खेड्यातल्या चाहत्याला शहराच्या मागे राहिल्याची भावना पुढे आली, टीव्ही घराघरांत पोचला तेव्हा.

टीव्हीचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार लिहीत नाही. गावात एक-दोन संच, अंगणात सतरंजी, बांबूवर अँटेना, आणि ऐन वेळी लाइन जायची. ट्रॅक्टरची बॅटरी काढून बारा व्होल्टचा छोटा ब्लॅक अँड व्हाइट संच चालवणं ही आमच्याकडची रीतच झाली होती. एप्रिल १९९८ मध्ये शारजात सचिननं दोन दिवसांच्या अंतरानं १४३ आणि १३४ केले, ते कित्येक गावांनी असेच पाहिले. मात्र टीव्हीनं एक मोठं काम केलं, त्याची नोंद कुणी घेत नाही. बायका आणि मुली पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून बसल्या. पारावर त्यांना जागा नव्हती. घरात टीव्ही आल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून का होईना, त्या पाहू लागल्या, नियम विचारू लागल्या. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यरात्र उलटेपर्यंत आया आणि लेकी जाग्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर बॅट मागायला मुली आल्या तर त्यांना बॅट द्यायची जबाबदारी आम्हा मोठ्यांची आहे.

आता मैदानावर जाऊन पाहण्याबद्दल. आपल्यासाठी मोठा सामना म्हणजे नागपूर. १९६९ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. ते मैदान शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनपासून जवळ. पहाटेची गाडी पकडायची, दशम्या-चटणी बांधून न्यायची, सामना पाहायचा, रात्रीच्या गाडीनं परत. ३१ ऑक्टोबर १९८७ ला जे तिथे होते त्यांचं भाग्य मोठं. चेतन शर्मानं रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांना लागोपाठ त्रिफळाचीत केलं, विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक. मग अंगात ताप असलेल्या गावसकरनं एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं, ८८ चेंडूंत नाबाद १०३, आणि २२२ चं लक्ष्य ३३व्या षटकातच गाठलं गेलं. त्याच मैदानावर नोव्हेंबर १९९५ मध्ये सामना चालू असताना भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले, हेही विसरता कामा नये. सामान्य प्रेक्षक ज्या स्टँडमध्ये बसतो तिथल्या सुरक्षेचा विचार किती उशिरा झाला, त्याची ती आठवण आहे.

२००८ पासून मोठे सामने जामठ्याला गेले, वर्धा रोडवर, शहराबाहेर. मैदान देखणं आहे, सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतात, आणि सौरव गांगुलीची शेवटची कसोटी इथेच झाली. पण खेड्यातून येणाऱ्याचं गणित अवघड झालं. तिकीट ऑनलाइन आणि काही वेळात संपणारं. सामना रात्री, सुटायला अकरा वाजतात, त्या वेळी यवतमाळची काय, वर्ध्याची गाडी मिळणंही कठीण. मग चौघांनी मिळून भाड्याची गाडी करायची. २३ सप्टेंबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना ओल्या मैदानामुळे आठ-आठ षटकांचा झाला. एवढा खर्च करून आलेल्यांना सोळा षटकांपेक्षाही कमी खेळ मिळाला. भारत जिंकला म्हणून लोक आनंदानं परतले, पण असा प्रवास सामान्य कास्तकाराला वर्षातून एकदाही परवडत नाही.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या आजोबांच्या पिढीला हीरो बाहेरून घ्यावे लागले. गावसकर, वेंगसरकर, पाटील, सगळे मुंबईचे. आपली माणसं मोठी व्हायला बाहेर जात. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ चा, नागपूरचा. पण त्यांचं नाव जोडलं गेलं इंदूरच्या होळकर संघाशी. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी, म्हणजे देशातल्या राज्यसंघांची मोठी स्पर्धा, खेळतोय आणि पुढची कित्येक दशकं त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असे. हरल्याची.

मग नागपूरजवळच्या वलनी गावच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, उमेश यादव, टेनिस बॉलवर वेगानं टाकता टाकता २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळून कसोटीत गेलेला तो पहिलाच. हे आमच्या पोरांवर किती खोल रुजलं, ते मैदानावर उभा असलेला माणूसच सांगू शकेल. त्याआधी वेगवान गोलंदाज व्हायचं म्हटलं की घरचे हसायचे.

२०१७-१८ च्या मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार. कोलकात्यात कर्नाटकाविरुद्धची उपांत्य लढत विदर्भानं अवघ्या पाच धावांनी जिंकली. रजनीश गुरबानीनं दोन डावांत मिळून बारा बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरला. गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला पहिला रणजी करंडक. नायडूंना ज्या शहरानं मोठं केलं त्याच शहरात विदर्भ पहिल्यांदा जिंकला, याचा मला फार आनंद झाला. पुढच्या वर्षी जामठ्यात सौराष्ट्राला हरवून पुन्हा. आदित्य सरवटेनं चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकाच धावेवर रोखलं. २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो. २०२५ मध्ये केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा जिंकलो. त्या मोसमात डावखुऱ्या हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम आहे. दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा अक्षय कर्णेवार आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध त्यानं टी-ट्वेंटीत चारही षटकं निर्धाव टाकली. जितेश शर्मा अमरावतीचा, भारताच्या टी-ट्वेंटी संघापर्यंत गेलेला.

एवढं असूनही गावच्या पानठेल्यावर विचारा. आयपीएलच्या सगळ्या संघांचे अकरा खेळाडू पोट्टे तोंडपाठ सांगतील. विदर्भाच्या रणजी संघातले पाच सांगताना अडतील. यात पोरांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचतं त्यावर त्यांचं प्रेम बसतं, आणि आयपीएल पोचवण्यामागे किती पैसा आहे पाहा: २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचीच किंमत ४८,३९० कोटी रुपये.

मोबाइलचं मी सरसकट वाईट म्हणणार नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि क्रिकेट थेट वावरात आलं. कृषिपंपाला वीज पाळीनं मिळते, कधी रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री विहिरीवर गेलेला माणूस एका हातात बॅटरी आणि खिशात चालू सामना घेऊन असतो. ऐकता ऐकता पाण्याचा दांड मोडायचा, मध्येच फोन काढून रिप्ले पाहायचा. त्या एकट्या रात्रीत क्रिकेट त्याला सोबत करतं. हे सुख रेडिओनंतर पहिल्यांदा परत आलं.

पण घरात मात्र उलटं झालं. चौघं चार फोनवर. एकाचं प्रक्षेपण दुसऱ्यापेक्षा काही सेकंद पुढे. शेजारच्या घरातून आरडाओरडा आला की आपल्याकडे अजून गोलंदाज धावतोच आहे. बरेच जण तर सामना पाहतच नाहीत, नंतर षटकार तेवढे पाहतात. बचाव करून काढलेलं एक अवघड सत्र, फिरकी गोलंदाजानं तीन षटकं रचून चौथ्यात घेतलेला बळी, हे त्या तुकड्यांत येत नाही. मी मैदानावर याचा परिणाम पाहतो. आज मुलाला लेग साइडला उचलून मारता येतं, चेंडू सोडता येत नाही. आणि त्यानं चेंडू सोडला तर बाहेरून ओरडणारा प्रेक्षकही तसाच तयार झाला आहे.

पैशांच्या खेळाबद्दल स्पष्टच बोलतो. लगवाडी-खायवाडी, म्हणजे सामन्यावरचा सट्टा, पूर्वीही होती, पण ती चोरून, शहरात. फोन आल्यावर ती बांधावर आली. फॅन्टसी टीम, म्हणजे ॲपवर खऱ्या खेळाडूंचा आपला संघ, लावून पैसे मिळवायच्या नादात कापसाचे चुकारे गेलेली घरं मी ओळखतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि फॅन्टसीच्या पैशांच्या स्पर्धाही थांबल्या. चांगलं झालं. तरी चोरटा सट्टा चालतोच. ज्यानं पैसे लावले आहेत तो सामना पाहत नसतो, भाव पाहत असतो. त्याला चांगल्या झेलाचा आनंद होत नाही. गावात असं पोरगं दिसलं तर त्याच्या बापाशी बोला, गप्प बसू नका.

आजोबांसाठी एक व्यवहाराची माहिती. त्यांच्याकडे डीडी फ्री डिशचा बॉक्स असेल तर दर महिन्याच्या रिचार्जची गरज नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीकडे, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेकडे, द्यावं लागतं, म्हणून भारतीय संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने दूरदर्शनवर दिसतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही सोय दूरदर्शनचं स्वतःचं प्रक्षेपण आणि फ्री डिश एवढ्यापुरती ठेवली, त्यामुळे केबलवरच्या दूरदर्शनवर शोधून ते सापडणार नाहीत. आयपीएल या कायद्यात बसत नाही.

गावात एकत्र बसून क्रिकेट पाहणं पूर्ण संपलं असं मात्र नाही. ते टेनिस बॉलच्या सामन्यांत टिकून आहे. सोयाबीन निघाली की दिवाळीनंतर गावोगावी खुले सामने लागतात, होळीपर्यंत चालतात. पडीत वावर ट्रॅक्टरनं सपाट करायचं, पाणी मारून रोलर फिरवायचा, भोंगा लावायचा. आठ-आठ किंवा दहा-दहा षटकं, रोख बक्षीस, कुठे जोडीला बोकड. समालोचक वऱ्हाडीत बोलतो, बाद झालेल्याची अशी उडवतो की तो स्वतःही हसतो. इथला प्रेक्षक फलंदाजाला ओळखतो, त्याच्या बापाला ओळखतो, तो आज सकाळी दूध घालून आलाय हेही त्याला ठाऊक असतं. कोणत्याही स्टेडियममध्ये हे मिळत नाही.

आणि इथे तंत्रज्ञानानं खरोखर भलं केलं आहे. पूर्वी फळ्यावर खडूनं गुण लिहायचो, रात्री ते पुसले जायचे, त्याबरोबर त्या पोराची खेळीही. आता ॲपवर नोंद होते, फलंदाजाच्या सगळ्या धावा राहतात, आणि गुणांवरून होणारी भांडणं पुष्कळ कमी झाली. तिपाईवर फोन लावून सामना यूट्यूबवर थेट दाखवतात. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत कामाला गेलेली गावची पोरं शिफ्ट संपवून खोलीवर एकत्र बसतात आणि आपल्या गावचा सामना पाहतात. स्क्रीनच्या खाली त्यांचे निरोप येत राहतात: "त्याले यॉर्कर टाक, त्याले जमत नाई." समालोचक ते भोंग्यावर वाचतो आणि मैदानात हशा पिकतो. दूर गेलेल्या माणसांना गावाशी धरून ठेवणारं असं दुसरं फारसं काही मला दिसत नाही.

तर तुम्ही आजोबांसाठी काय करावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. त्यांना आयपीएल आवडावी म्हणून आग्रह धरू नका. त्यांना रणजीच्या सामन्याला जामठ्याला घेऊन जा. गेल्या काही वर्षांत स्पर्धा दोन टप्प्यांत होते, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग जानेवारीपासून पुढे. विदर्भाचे घरचे सामने कोणत्या तारखांना आहेत ते आधी पाहून घ्या. प्रवेश बहुतेक वेळा मोफत असतो, गर्दी नसते, हवी ती जागा मिळते, आणि खेळ दिवसा असल्यामुळे संध्याकाळची एसटी मिळते. खेळाडूंचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ बसता येतं. समालोचन नसतं, म्हणून क्षेत्ररक्षण कसं बदललं हे स्वतःच पाहावं लागतं. तुमचे आजोबा ते तुमच्याआधी ओळखतील. डबा घरून न्या, टोपी न्या, आणि आदल्या रात्री वर्ध्याला किंवा नागपूरला कुणाकडे मुक्काम होत असेल तर करा. खेळ साडेनऊला सुरू होतो. पहिला तास चुकवू नका, हिवाळ्यात नवा चेंडू तेवढ्याच वेळात हलतो.